बालगृहासाठी शेती सुरू करताय? आधी स्वयंपाकघरात बसून हिशेब करा

फोन बहुधा पितृपक्षात येतो. "आमची गावाकडची पाच एकर पडीकच आहे, तुमच्या मुलांसाठी घ्या. म्हणजे दर महिन्याला लोकांपुढे हात पसरायला नको." आपण भारावून जातो, विश्वस्तांची बैठक बोलावतो, पेढे वाटले जातात. दोन वर्षांनी त्या पाच एकरांत गाजरगवत उभं असतं आणि संस्थेच्या खात्यात बोअर, मोटर आणि ट्रॅक्टरच्या भाड्याचा खर्च.

आम्ही यातून गेलो आहोत. मराठवाड्यातल्या चाळीस मुलांच्या बालगृहाचं काम मी पाहतो. पहिली दोन वर्षं शेतीने आम्हाला पोसलं नाही, आम्हीच तिला पोसलं. तिसऱ्या वर्षी उलटीकडून सुरुवात केली, म्हणजे शेतात काय पिकेल हे न विचारता ताटात काय लागतं हे विचारलं, तेव्हा घडी बसली. नव्याने उतरणाऱ्यांसाठी तो सगळा क्रम इथे मांडतो आहे. आकडे कोरडवाहू मराठवाड्याचे आहेत. तुम्ही कोकणात किंवा कोल्हापूरकडे असाल तर पिकं बदला, क्रम बदलू नका.

१. ताटापासून मागे मोजत या

बाल न्याय कायद्याखालच्या केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत मुलांच्या आहाराचं प्रमाण दिलेलं आहे. रोज प्रत्येकी ६०० ग्रॅम धान्य, १२० ग्रॅम डाळ-कडधान्य, १०० ग्रॅम पालेभाजी आणि १३० ग्रॅम इतर भाजी, १५० मिली दूध, वर १०० मिली दही किंवा ताक. चाळीस मुलांना गुणून बघा. धान्य दिवसाला २४ किलो, म्हणजे वर्षाला साधारण ८७ क्विंटल. डाळ साडेसतरा क्विंटल. भाजी रोज सव्वानऊ किलो. दूध-दही मिळून रोज १० लिटर.

सहा-सात वर्षांचं पोर ६०० ग्रॅम धान्य खात नाही, हे कुठल्याही स्वयंपाकीण मावशी सांगतील. म्हणून महिनाभर कोठीतून रोज निघणारं धान्य खरोखर तोलून लिहा. आमच्याकडे ते दिवसाला १२-१३ किलो निघालं, वर्षाला ४५ क्विंटलच्या आसपास. आता कोरडवाहू रब्बी ज्वारी एकरी पाच क्विंटल धरा. सगळी भाकरी घरची खायची तर नऊ एकर लागतात. तूर एकरी पाच क्विंटल धरली आणि क्विंटलला सत्तर किलो डाळ पडते असं मानलं, तर नियमातल्या प्रमाणाची डाळ पिकवायला आणखी पाच एकर. म्हणजे चौदा एकर झाले आणि अजून तेल, साखर, गहू, तांदूळ यांचा पत्ताच नाही.

उलट भाजीचं गणित बघा. पाणी असेल तर रोजची दहा किलो भाजी वीस गुंठ्यांत निघते. दुधासाठी दोन गायी आणि अर्धा एकर वैरण. अंड्यांसाठी एक खुराडं. पाच एकरांत धान्याचं स्वावलंबन होत नाही, पण भाजी, दूध, अंडी आणि थोडी डाळ यांचं होतं. आणि मुलांच्या ताटात कमी पडतं ते नेमकं हेच असतं. धान्य देणारे दाते मिळतात. वाढदिवसाला तांदळाचं पोतं घेऊन लोक येतात. दर मंगळवारी मेथीच्या वीस जुड्या घेऊन कुणी येत नाही.

२. जमीन घ्या, पण घाईने नावावर करू नका

इथे सर्वांत जास्त संस्था अडकतात.

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकरी नसलेल्याच्या नावावर विक्री, बक्षीस किंवा भाडेपट्ट्याने करता येत नाही. कूळवहिवाट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि न्यास म्हणजे शेतकरी नव्हे. दाता कितीही मोठ्या मनाचा असला तरी त्याने स्टॅम्पवर लिहून दिलेल्या दानपत्राने जमीन तुमची होत नाही. परवानगीला वेळ लागतो, तेव्हा दरम्यान काय करायचं हा खरा प्रश्न असतो.

आम्हाला जमलेली सोपी वाट अशी: पहिली दोन-तीन वर्षं जमीन मालकाच्याच नावावर, पेराही त्याच्याच नावाचा, ई-पीक पाहणीही (पिकाची मोबाइलवरून करायची सरकारी नोंद) तोच करणार. निघालेला माल तो संस्थेला देणगी म्हणून देतो आणि आपण वस्तुरूप देणगीची पावती देतो. शेती जमते आहे, दात्याचा उत्साह टिकतो आहे, पाणी पुरतं आहे, असं दिसलं की मग परवानगीच्या मागे लागा.

काहीही ठरवण्याआधी या गोष्टी बघा:

- सातबारा, आठ-अ आणि निदान तीस वर्षांचे फेरफार. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असेल तर हस्तांतरणाला वेगळी परवानगी लागते. 'इतर हक्क' या रकान्यात कुळाचं नाव, बँकेचा बोजा, बहिणींची नावं, सगळं वाचा.
- जमीन वडिलोपार्जित आहे का? असेल तर एकट्या भावाच्या दानशूरपणाला अर्थ नाही. बाकीच्या हिस्सेदारांना समोर बसवून बोला. आम्हाला देऊ केलेल्या एका तुकड्यात दात्याच्या पुतण्याने पहिल्याच पेरणीला बैल आडवे घातले.
- रस्ता. नकाशावर रस्ता आहे का, की शेजाऱ्याच्या बांधावरून 'वहिवाटीने' जायचं? मुलांना आणि दुधाच्या कॅनला रोज जायचं आहे.
- मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयात पैसे भरून सरकारी मोजणी करून घ्या आणि हद्दीच्या खुणा पक्क्या करा. बांध कोरणारा शेजारी संस्था बघून सूट देत नाही.

अंतर हाही मोठा मुद्दा. बालगृहापासून चार-पाच किलोमीटरपेक्षा लांबची जमीन भाजीसाठी निरुपयोगी समजा. लांबच्या जमिनीत फक्त तूर किंवा ज्वारी करा, नाहीतर नम्रपणे नाही म्हणा. नाही म्हणता येणं हीसुद्धा या कामातली एक पायरी आहे, आणि ती शिकायला आम्हाला सर्वांत उशीर लागला.

३. संस्थेची कागदपत्रं

हे झटपट सांगतो, कारण यात तुमचे वकील आणि सीए मदत करतील. बालगृहाची बाल न्याय अधिनियम २०१५ च्या ४१ कलमाखालची नोंदणी चालू मुदतीची हवी. शेती सुरू करण्याचा विश्वस्तांचा ठराव हवा. न्यासाच्या उद्देशांत शेती किंवा स्वावलंबनाचा उल्लेख आहे का ते घटनेत पाहा. जमीन कधी न्यासाच्या नावावर झालीच तर परिशिष्ट एकवर (न्यासाची धर्मादाय कार्यालयातली नोंद) ती चढवण्यासाठी ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. बोअर किंवा ट्रॅक्टरसाठी न्यासाच्या नावावर कर्ज काढायचं असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हे अनेक विश्वस्तांना माहीतच नसतं आणि लेखापरीक्षणात निघतं.

जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी आणि बाल कल्याण समितीला शेतीबद्दल लेखी कळवा. परवानगी मागा असं म्हणत नाही, पण तपासणीला येणाऱ्यांना ते शेत अचानक दिसलं तर प्रश्न वेगळ्या सुरात विचारले जातात.

सरकारी योजनांवर फार भिस्त ठेवू नका. ठिबक, शेततळं, अवजारं यांचे बहुतेक अर्ज व्यक्तीच्या सातबाऱ्यावर आणि आधारवर चालतात. मालकाच्या नावावर जमीन ठेवण्याचा हा आणखी एक फायदा: तो पात्र असेल तर अनुदान त्याच्या नावाने मिळू शकतं.

४. पाणी आणि कुंपण, याच क्रमाने नाही

कुंपण आधी. पाणी आलं, भाजी आली आणि कुंपण नसलं की रानडुकरं आणि मोकाट गुरं एका रात्रीत हिशेब पुरा करतात.

पाण्यासाठी मे महिन्यात विहिरीवर जाऊन बघा. दिवाळीत भरलेली विहीर दाखवणारे खूप असतात. वीस गुंठे भाजीला ठिबकवर ऐन उन्हाळ्यात रोज साधारण दहा हजार लिटर पाणी लागतं. तीस बाय तीस मीटर आणि तीन मीटर खोल शेततळ्यात सुमारे बावीस लाख लिटर मावतं, त्यामुळे ऐकायला ते भरपूर वाटतं. पण मराठवाड्याच्या मे महिन्यात दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडून जातं. तेवढ्या पृष्ठभागावरून म्हणजे रोज नऊ हजार लिटर! भाजी पिते जवळजवळ तेवढंच सूर्य पितो. म्हणून उन्हाळ्यात क्षेत्र निम्म्यावर आणा आणि शेवगा, पपई, लिंबू, कढीपत्ता अशी झाडं आधीच उभी करून ठेवा. स्वयंपाकघराचं सांडपाणी केळी आणि अळूच्या वाफ्याकडे वळवा. ते बारा महिने हिरवे राहतात.

आता इशारा, आणि हा लेखातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर समजा. प्लॅस्टिक अस्तराचं शेततळं मुलांसाठी विहिरीपेक्षा धोकादायक आहे. उतार गुळगुळीत असतो, पाय घसरला तर पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. चारी बाजूंनी माणसाच्या उंचीची जाळी, कुलूप असलेलं फाटक, आणि आत चारही काठांना गाठी मारलेले जाड दोर व हवा भरलेल्या ट्यूब कायम बांधलेल्या. हे होईपर्यंत तळ्यात पाणी भरू नका. विहिरीला कठडा आणि वर जाळी. मोटरचा स्टार्टर बंद पेटीत, अर्थिंग केलेला.

विजेबद्दल एक छोटा सापळा: कृषीपंपाच्या जोडणीवरून बालगृहाला पाणी किंवा वीज ओढू नका. तो अनधिकृत वापर ठरतो आणि दंडाचं बिल येतं.

५. माणूस शोधा, मग बियाणं

शेती आपण सगळे मिळून करू, स्वयंसेवक येतील, मुलं मदत करतील असं ज्या बैठकीत ठरतं ती बैठक तिथेच थांबवा. रोज सकाळी सहा वाजता पाण्याचा कॉक फिरवायला एक पगारी माणूस लागतो.

आमच्याकडे सालगड्याचं, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या शेतमजुराचं, साल पाडव्याला सुरू होतं. म्हणजे माणूस शोधायचा तो माघ-फाल्गुनात. एकटा माणूस न ठेवता जोडपं ठेवा, राहायला दोन खोल्या द्या, त्यांच्या मुलांच्या शाळेची सोय करा. मजुरी गावच्या दरापेक्षा कमी नको. 'संस्थेचं काम आहे, पुण्य लागेल' असं म्हणून मजुरी पाडणारे विश्वस्त मी पाहिले आहेत. असा माणूस सुगीच्या तोंडावर निघून जातो आणि त्याचं काही चुकत नाही. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यावीच लागते. ती लेखी द्या आणि वहीवर अंगठा किंवा सही घ्या.

मुलांच्या आसपास वावरणारा प्रत्येक मोठा माणूस, मग तो सालगडी असो, दूध काढायला येणारा असो की शनिवारी येणारा शहरी स्वयंसेवक, त्याची पोलीस पडताळणी झालीच पाहिजे. आणि कुणीही मुलासोबत शेतात एकटा नको. दोन मोठी माणसं, हा नियम. यात ओळखीपाळखीला सूट नाही.

६. भाजीचे वाफे

पेरणीआधी माती तपासा. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्या, कडेची माती खरवडून सगळी एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, पुन्हा तसंच, अर्धा किलो उरेपर्यंत. कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. झाडाखालची, उकिरड्याजवळची, बांधाची माती घेऊ नका.

नवखे लोक वीस गुंठ्यांत एकाच दिवशी सगळं लावतात. मग पंचेचाळीस दिवस ताटात काही नसतं, आणि नंतर एका आठवड्यात मुळ्याचा ढीग पडतो. पालेभाजीचे एक-एक गुंठ्याचे वाफे करा आणि दर आठ-दहा दिवसांनी एक वाफा पेरा: मेथी, पालक, शेपू, चुका, राजगिरा, कोथिंबीर. मेथी महिन्याभरात उपटायला येते, म्हणजे चौथा वाफा पेरेपर्यंत पहिला रिकामा. भेंडी, गवार, वांगी, टोमॅटो दर दीड महिन्याला थोडे थोडे. वेलवर्गाला कुंपण वापरा. आणि लाल भोपळा लावाच. तो पिकून कडक झाला की कोठीत दोन-तीन महिने सहज टिकतो. भाजी आटली की तोच वाचवतो.

काय लावायचं हे मुलांच्या बाल समितीला विचारा. आम्ही पहिल्या वर्षी हौसेने भरपूर दोडका लावला. चाळीसपैकी सदतीस मुलांनी दोडक्याशी असहकार पुकारला. दुसऱ्या वर्षी समितीने यादी दिली: बटाटा, बटाटा, गवार, भुईमुगाच्या शेंगा, पुन्हा बटाटा. मग वाटाघाटी झाल्या. पालक मान्य, पण पुरीत.

रासायनिक औषधांचा प्रश्न येतोच. मी काही टोकाचा सेंद्रियवाला नाही, पण मुलांच्या घराशेजारच्या भाजीत लाल त्रिकोणाची, म्हणजे अतिविषारी औषधाची, बाटली येऊ देणार नाही. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवून गाळलेला अर्क शंभर लिटर पाण्यात, पिवळे-निळे चिकट सापळे, वांग्याला कामगंध सापळे यांवर बहुतेक भागतं. भागलं नाही तर तो वाफा उपटून गायीसमोर टाका, कारण आपल्याला बाजारात माल चमकवायचा नाही. ज्यावर फवारणी झाली असेल तो पाला मात्र गायीलाही नको.

७. गाय आणि कोंबड्या

रोज दहा लिटर दूध म्हणजे एक बरी संकरित गाय, असं वाटतं. पण गाय वर्षातले दोन महिने आटते, आजारी पडते, कधी गाभण राहत नाही. म्हणून दोन गायी घ्या, आणि त्या सहा-सहा महिन्यांच्या अंतराने वितील अशा बेताने. एकीला रोज वीस-पंचवीस किलो हिरवी वैरण आणि पाच-सहा किलो कडबा लागतो. नेपियर किंवा लसूणघास गाय यायच्या तीन महिने आधी लावलेला असावा. आधी गाय आणि मग वैरण असं करणारे विकतच्या चाऱ्यावर दूध पिकवतात, आणि ते दूध डेअरीच्या दुधापेक्षा महाग पडतं.

पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याच्या लशी, वेळापत्रकाप्रमाणे लाळ्या खुरकुताची, आणि लम्पीचीही. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांशी ओळख ठेवा. दूध उकळल्याशिवाय एका मुलालाही देऊ नका. 'धारोष्ण' वगैरे आजोबांच्या गोष्टीत ठीक.

एक दाते गोबरगॅस देतो म्हणून मागे लागले होते. दोन घनमीटरच्या संयंत्रालाच रोज पन्नासेक किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. त्यावर एका कुटुंबाचा स्वयंपाक होतो, चाळीस जणांचा नाही. शेण खतात जाऊ द्या.

आठवड्याला प्रत्येकी चार अंडी म्हणजे १६० अंडी. गिरिराज, वनराज किंवा ग्रामप्रियासारख्या जातींच्या साठ कोंबड्या ठेवल्या तर बहुतेक आठवड्यांत भागतं. मानमोडीची (राणीखेत) लस चुकवू नका. ती साथ आली की दोन दिवसांत खुराडं रिकामं होतं. रात्री मुंगूस आणि रानमांजर येतात, म्हणून जाळी जमिनीत वीतभर पुरा. "संस्थेत अंडी नकोत, मी तेवढ्याची देणगी देतो" असं म्हणणारे भेटतील. नियमांच्या आहारात अंडी आहेत आणि न खाणाऱ्यांसाठी पर्यायही आहे. निवड मुलाची.

८. तूर आणि ज्वारी

उरलेल्या जमिनीत पाऊस बघून तूर, तीत मूग किंवा उडदाच्या ओळी. मूग लवकर निघतो, तूर पुढे उभी राहते. रब्बीत ज्वारी लावली तर भाकरी थोडी मिळेल, पण खरा फायदा कडब्याचा. सोयाबीन किंवा कापसाच्या मोहात पडू नका. ती बाजाराची पिकं आहेत. भाव पडला की चाळीस मुलं कापूस खाऊ शकत नाहीत.

तूर घरी आली म्हणजे डाळ आली असं नाही. कडक उन्हात वाळवा, जवळच्या दालमिलमध्ये भरडून घ्या, पत्र्याच्या कोठीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा. सगळी एकदम भरडू नका, दोन-तीन महिन्यांपुरतीच. कोठी जमिनीपासून आणि भिंतीपासून हातभर दूर.

९. मुलं शेतात किती आणि कशी

हा विषय निघाला की कुणीतरी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'चा दाखला देतं. त्या परंपरेबद्दल मला आदर आहे. पण बालगृहातली मुलं बाल कल्याण समितीच्या आदेशाने आपल्या ताब्यात आलेली असतात. 'नको' म्हणायची त्यांची ताकद मुळातच कमी. त्यांच्याकडून काम घेऊन संस्थेचा खर्च भागवणं हे स्वावलंबन नाही.

कायदाही स्पष्ट आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. घरच्या शेतीत शाळेनंतर हातभार लावायची जी सूट आहे ती स्वतःच्या कुटुंबापुरती. संस्था त्यात येत नाही. बाल न्याय कायद्याच्या ७५ कलमात मुलांवरच्या क्रौर्याला शिक्षा आहे आणि संस्था चालवणाऱ्यांच्या बाबतीत ती पाच वर्षांपर्यंत वाढते.

आमचे नियम फळ्यावर लिहिलेले आहेत. शेतात जाणं ऐच्छिक. शाळा, अभ्यास, खेळ यांच्या वेळेतून नाही. शिक्षा म्हणून शेतात पाठवायचं नाही, आणि बक्षीस म्हणून शेतातून सूटही द्यायची नाही. फवारणी, कोयता, विळा, कडबाकुट्टी, मोटर, तळं यांच्या जवळ जायचं नाही. पायात बूट असल्याशिवाय बांध ओलांडायचा नाही. घोणस, फुरसं, नाग, मण्यार चारही आमच्या भागात आहेत, तेव्हा सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात असतं हे आधी विचारून ठेवा आणि रात्री तिथे नेणारी गाडी कोणाची हे भिंतीवर लिहा.

हवं त्या मुलाला एक हात लांबीचा स्वतःचा वाफा द्या. त्यात काय लावायचं, उपटायचं की फुलू द्यायचं, सगळं त्याच्या मर्जीवर. आमच्या एका मुलीने वर्षभर फक्त झेंडू लावला. दसऱ्याला तिने तोरण केलं आणि स्वयंपाकघराच्या दाराला स्वतः बांधलं. ते कोणत्याच हिशेबात बसत नाही. मी ते वहीत लिहिलंही नाही.

फोटोंचं भान ठेवा. हातात खुरपं घेतलेल्या मुलांचे हसरे फोटो देणगीदारांच्या गटात टाकायचा मोह होतो. बालगृहातल्या मुलाची ओळख उघड करणं हा ७४ कलमाखाली गुन्हा आहे. फोटो भोपळ्याचा काढा.

१०. वही, विक्री आणि देणगी

शेतातून कोठीत येणारी प्रत्येक टोपली तोलून वहीत चढवा आणि त्या दिवसाचा आठवडी बाजारातला भाव समोर लिहा. वर्षअखेरीला शेतीने किती रुपयांची खरेदी वाचवली हे कळतं. दुसऱ्या पानावर खर्च: मजुरी, बियाणं, पेंड, लाइट, औषधोपचार. पहिल्या वर्षी दुसरं पान जड असणारच. तिसऱ्या वर्षीही जड असेल तर कोणतं पीक खाऊन जातंय ते शोधा. आमच्याकडे ती दुसरी गाय होती.

जास्तीचा माल आठवडी बाजारात विकता येतो. आनंदवनाच्या सुरुवातीच्या काळात कुष्ठरोगाच्या भीतीने वरोऱ्यातले लोक तिथलं दूध-भाजी घेत नसत. आपल्याला उलटा त्रास होतो: लोक दयेपोटी दुप्पट भावाने घेतात, मग त्यांचं मन भरतं आणि पुढच्या आठवड्यात येत नाहीत. बाजारभावाने विका, ताजं विका, पाटीवर अनाथांचा उल्लेख नको. लोणची, पापड, तूप असं काही करून विकायचं तर अन्नसुरक्षा नोंदणी लागते. शेतीचा हिशेब संस्थेच्या हिशेबात वेगळा दिसला पाहिजे, यासाठी सीएला पहिल्याच वर्षी बसवा.

दात्यांना काय हवं ते आपणच नेमकं सांगायचं. ट्रॅक्टर नको, पाच एकरांना तो तासाच्या भाड्याने स्वस्त पडतो. ठिबकच्या नळ्या, तळ्याचं कुंपण, सालगड्याचा सहा महिन्यांचा पगार मागा. शेवटचं मागायला जड जातं, पण शेती चालते ती त्यावरच. रोख देणगी २००० रुपयांच्या वर असेल तर दात्याला ८०जीची करसवलत मिळत नाही, हे आधी सांगा. कंपन्यांचा सामाजिक निधी हवा असेल तर सीएसआर-१ अर्जाची नोंदणी लागते. परदेशातली मराठी मंडळी विचारतात त्यांच्यासाठी: भारतीय पारपत्र असलेल्याने स्वतःच्या बचतीतून दिलेला पैसा परकीय देणगी धरला जात नाही. पण ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं आहे त्यांची देणगी, ओसीआय कार्ड असलं तरी, एफसीआरए (परकीय देणगी कायदा) नोंदणीशिवाय घेता येत नाही. यात भिडेखातर चूक करू नका.

हाताशी असू द्या

*कागद:* न्यास नोंदणी प्रमाणपत्र आणि परिशिष्ट एकचा उतारा, ४१ कलमाची नोंदणी, १२ए व ८०जी, पॅन, विश्वस्तांचा ठराव, सातबारा, आठ-अ, फेरफार, मोजणी नकाशा, जमीनमालकाशी झालेला लेखी समजुतीचा कागद, माती परीक्षण अहवाल, कामावरच्या माणसांची पोलीस पडताळणी, जनावरांच्या लशींची नोंद.

*अवजारं:* कुदळ, फावडी, टिकाव, खुरपी मोठ्यांसाठी. मुलांसाठी छोटी, बोथट धारेची वेगळी. दोन घमेली, पाठीवरचा पंप (फक्त निंबोळीचा, वर तसं रंगाने लिहून), ठिबकचा फिल्टर आणि जोडण्यांची पिशवी, तोलकाटा, पत्र्याच्या कोठ्या, दुधाचा कॅन, प्रथमोपचार पेटी, लहान मापाचे बूट. बूट दरवर्षी एक माप मोठे घ्या.

तळ्याच्या कुलपाच्या दोन किल्ल्या. एक सालगड्याकडे, एक अधीक्षकांकडे, आणि तिसरी कुणाकडेच नाही.